गाडीला टेम्परेचर मीटर बसवताना: सेन्सर कोणता घ्यायचा, वायर कुठे जोडायची

जुन्या डिझेल जिपा, ट्रॅक्टर आणि पंधरा-वीस वर्षं चाललेले पिकअप यांच्या डॅशबोर्डवर एक मीटर हमखास बंद असतो, तो टेम्परेचरचा. काटा कायमचा डावीकडे पडलेला, नाहीतर चावी फिरवताच थेट लालात. बॉनेटमधून वाफ आली की थांबायचं, एवढ्यावर बरेच जण निभावतात. पण वाफ दिसेपर्यंत हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचं) जे व्हायचं ते बहुतेक वेळा होऊन गेलेलं असतं, आणि त्या कामाच्या खर्चात चांगले मीटर कितीतरी येतील.

काम अवघड नाही. मल्टिमीटर, पाना, थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची चकती) दाबायचा पक्कड आणि मोकळा रविवार एवढ्यात होतं. फक्त एक गोष्ट खरेदीच्या आधी डोक्यात पक्की हवी: मीटर आणि सेन्सर ही जोडी आहे. दुकानात सेन्सर आटे जुळवून दिला जातो. आटे जुळले म्हणजे तो इंजिनात बसेल, एवढंच कळतं. मीटर खरं बोलेल की नाही, ते आट्यांवरून कळत नाही.

काटा नेमकं काय मोजतो

काट्याला तापमान कळत नाही. त्याला कळतो रेझिस्टन्स. सेन्सरच्या पितळी टोकात एक थर्मिस्टर असतो. पाणी तापत जाईल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरत जातो. मीटरमधून निघालेला करंट सिग्नलच्या वायरने सेन्सरमध्ये जातो आणि सेन्सरच्या बॉडीतून इंजिनला, म्हणजे अर्थला (अर्थिंगला, जिथून तो बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो) मिळतो. रेझिस्टन्स कमी झाला की करंट वाढतो आणि काटा उजवीकडे सरकतो.

किती रेझिस्टन्सला किती अंश, हे सेन्सरच्या प्रत्येक घराण्याचं, म्हणजे कंपनीच्या मालिकेचं, वेगळं असतं. सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक म्हणजे व्हीडीओ (VDO ही जर्मन मीटर कंपनी) पद्धतीचा १२० अंशांपर्यंतचा सेन्सर. त्याचे आकडे साधारण असे:

४० अंश सेल्सिअस – २९१ ओहम
६० अंश – १३४ ओहम
८० अंश – ६९ ओहम
९० अंश – ५१ ओहम
१०० अंश – ३८ ओहम
१२० अंश – २२ ओहम

यातला उतार बघा. ४० ते ६० मध्ये दीडशेहून जास्त ओहम उतरतात, तर १०० ते १२० मध्ये जेमतेम सोळा. म्हणजे जिथे खरी काळजी करायची तिथेच दोन-चार ओहमच्या चुकीने काटा बऱ्यापैकी हलतो. गंजलेला अर्थ किंवा सैल थिंबल एवढी चूक सहज करून जातं.

आता चुकीच्या जोडीचा हिशेब करू. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी, दोन पिनांचा सेन्सर असतो. बॉशच्या नेहमीच्या प्रकारात तो २० अंशांना सुमारे २,५०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १८६ ओहम दाखवतो. कोणी तो खटपट करून वरच्या मीटरला जोडला, तर पाणी उकळत असताना काटा पन्नास अंशांच्या आसपास दाखवेल. चालक निवांत, इंजिन भाजतंय.

याहून फसवा प्रकार म्हणजे त्याच घराण्याचा १५० अंशांचा सेन्सर, जो बहुधा ऑइलच्या तापमानासाठी असतो. दिसायला तोच, आटेही तेच मिळू शकतात. पण १०० अंशांना तो साधारण ६२ ओहम देतो आणि १२० च्या मीटरवर ते ८३-८४ अंश दिसतात. आकडा इतका नेहमीसारखा की कोणाला शंकाही येत नाही. म्हणून डब्यावरची वरची मर्यादा आणि मीटरच्या डायलवरचा शेवटचा आकडा एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या.

सेन्सर निवडताना

सगळ्यात सोपा आणि माझ्या मते बरोबर मार्ग: मीटर आणि सेन्सर एकाच डब्यातले घ्या. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला सेन्सर वेगळा घेतला की पुढचं सगळं डोकं त्यातच जातं. कंपनीचा जुना मीटर चालू असेल आणि फक्त सेन्सर बदलायचा असेल, तर त्या मॉडेलचा आणि त्या सालचा पार्ट नंबर सांगून घ्या. एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात डॅशबोर्ड बदललेला असू शकतो, आणि त्याबरोबर सेन्सरही.

काउंटरवर ‘टेम्परेचर सेन्सर द्या’ म्हटलं की तीन वेगवेगळ्या वस्तूंपैकी एक हातात पडते. पहिली म्हणजे मीटरचा सेन्सर: एक टर्मिनल, बॉडीतून अर्थ. दुसरी, वर सांगितलेला ईसीयूचा, दोन पिनांचा आणि प्लॅस्टिकच्या कपलरचा. तिसरी म्हणजे स्विच, रेडिएटरचा पंखा चालू-बंद करणारा किंवा लाल दिवा लावणारा. तो ठरलेल्या तापमानाला फक्त जुळतो किंवा तुटतो, मधलं काही सांगत नाही. मीटरला स्विच जोडला तर काटा एकतर पूर्ण खाली, नाहीतर पूर्ण वर. काही सेन्सरवर दोन टर्मिनल असतात, त्यातलं एक मीटरचं आणि एक इशाऱ्याच्या दिव्याचं. ते चालतात, पण कोणतं कशाचं हे ओहमवर मोजून ठरवा. थंड असताना मीटरचं टर्मिनल बॉडीशी काही शे ओहम दाखवेल, दिव्याचं काहीच दाखवणार नाही.

व्होल्टेजही जुळायला हवं. जीप-कार १२ व्होल्टच्या, मोठे ट्रक आणि बस २४ च्या. ट्रकमधून काढलेला मीटर स्वस्तात मिळतो म्हणून जीपला लावू नका.

आणि एका सेन्सरवर दोन मीटर जोडायचे नाहीत. जुना कंपनीचा मीटर राहू दे, शेजारी नवा लावू आणि वायर त्याच सेन्सरवरून घेऊ, हा मोह बऱ्याच जणांना होतो. मग दोन्ही मीटरचा करंट एकाच थर्मिस्टरमधून जातो आणि दोन्ही खोटं बोलतात. दोन मीटरसाठी निम्म्या रेझिस्टन्सचे वेगळे सेन्सर असतात, ते न मिळाल्यास दुसरा सेन्सर दुसऱ्या जागी बसवा.

आटे

नेहमी भेटणारे आटे म्हणजे एम १० गुणिले १ (व्यास दहा मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर), एम १२ गुणिले १.५, एम १४ गुणिले १.५ आणि अमेरिकन पद्धतीचा पाव किंवा अष्टमांश इंची निमुळता आटा, ज्याला एनपीटी म्हणतात. इथे एक सापळा आहे. अष्टमांश एनपीटीचा बाहेरचा व्यास दहा मिलिमीटरच्या किंचित वर असतो आणि आट्यांमधलं अंतर ०.९४ मिलिमीटर. एम १० गुणिले १ च्या भोकात तो पहिले दोन-तीन फेरे अगदी गोडीने जातो, मग अडकतो. तिथे पान्याला जोर दिला की ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे निघाले म्हणून समजा. सेन्सर हाताने तीन-चार फेरे सैल जायला हवा. नाही गेला तर थांबा, जुना सेन्सर शेजारी धरून आटे एकमेकांत बसवून पाहा.

निमुळत्या आट्याला वॉशर लागत नाही, तो आट्यावरच आवळतो. सरळ आट्याला तांब्याचा वॉशर लागतो आणि तो नवा घ्यावा. टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय नळाच्या कामातून आलेली आहे. इथे सेन्सरचा अर्थ आट्यांमधूनच जातो, त्यामुळे टेपचे पाच-सहा वेढे दिले की अर्थ बिघडू शकतो. अगदीच गरज वाटली तर एखादा वेढा, तोही टोकाकडचे आटे मोकळे ठेवून. आणि बसवल्यावर सेन्सरच्या षटकोनापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मल्टिमीटर जवळपास शून्य ओहम दाखवतोय ना ते पाहा.

जुळणारा आटा नसेल तर पितळी ॲडॉप्टर मिळतो. आखूड घ्या. लांब ॲडॉप्टरमध्ये सेन्सरचं टोक वाहत्या पाण्यात न पोचता भोकातल्या साचलेल्या पाण्यात राहतं, आणि काटा उशिराने आणि कमीच चढतो.

जागा कुठली

उत्तम जागा हेडमध्ये, किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगच्या इंजिनकडच्या बाजूला. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८० ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो. सेन्सर त्याच्या पलीकडे, रेडिएटरच्या बाजूला असेल तर तो उघडेपर्यंत काटा मेल्यासारखा पडून राहतो आणि थर्मोस्टॅट अडकला तर तसाच राहतो. म्हणजे ज्या बिघाडाची खबर हवी त्याचीच मिळत नाही.

हेडमध्ये मोकळं भोक नसेल तर वरच्या होसमध्ये घालायचा ॲल्युमिनियमचा तुकडा मिळतो, मधोमध सेन्सरसाठी आटे असलेला. तडजोड म्हणून ठीक. पण त्याच्या दोन्ही बाजूंना रबर आहे, अर्थ कुठूनच नाही. त्या तुकड्याला स्क्रूने वेगळी वायर लावून ती इंजिन ब्लॉकला जोडावी लागते. ‘नवा मीटर बसवला पण काटा हलतच नाही’ अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी हे बघतो.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करायचं. जुना सेन्सर काढला की कूलंट येणारच. खाली भांडं ठेवा, नवा सेन्सर हाताशी ठेवा आणि भोकावर बोट दाबून पटकन बदला. आवळताना दांडा लांब वापरू नका, पितळ मऊ असतं.

वायरिंग

बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. मग मीटरच्या पाठीमागे बघा: तीन टर्मिनल आणि एक बल्बचं होल्डर असतं. एक सप्लायचं, एक सेन्सरचं, एक अर्थचं. खुणा मात्र सगळीकडे सारख्या नाहीत, आणि जी ह्या अक्षराने भल्याभल्यांना फसवलंय. व्हीडीओ पद्धतीत जी म्हणजे सेन्सर आणि अर्थला वजाची खूण. अमेरिकन पद्धतीच्या मीटरवर आय म्हणजे इग्निशन, एस म्हणजे सेन्सर आणि जी म्हणजे अर्थ. सोबतचा कागद वाचल्याशिवाय जीला हात लावू नका.

सप्लाय इग्निशनवरून घ्यायचा, म्हणजे चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट येणाऱ्या जागेवरून. थेट बॅटरीवरून घेतला तर मीटर रात्रभर चालू राहील. बॅटरी काढण्याआधीच फ्यूजबॉक्समध्ये चावी बंद आणि चालू अशा दोन्ही वेळी मल्टिमीटर लावून योग्य फ्यूज शोधून ठेवा, आणि त्याच्या पुढे मीटरसाठी स्वतःचा दोन-तीन अँपियरचा फ्यूज टाका. एक चौरस मिलिमीटरची वायर पुरते. डायलच्या बल्बची वायर पार्किंग लाइटला जोडा, म्हणजे रात्री आपोआप उजेड येतो.

अर्थ डॅशबोर्डच्या पत्र्यावर जिथे स्क्रू दिसेल तिथे लावू नका. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर थिंबल आवळा, वर थोडं ग्रीस लावा. हेडलाइट लावली की काटा सरकत असेल तर मीटरचा अर्थ दुसऱ्या कशाच्या तरी अर्थबरोबर वाटला जातोय, असं समजा. त्याचबरोबर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी बघा. जुन्या गाड्यांत ती अर्धी तुटलेली किंवा हिरवी पडलेली असते, आणि सेन्सरचा अर्थ तिच्यातूनच बॅटरीपर्यंत पोचतो.

सेन्सरची वायर इंजिनकडे नेताना पत्र्यातल्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी रिंग) हवाच. कंपन इतकं असतं की पत्र्याची धार काही महिन्यांत इन्सुलेशन कापते, आणि ती वायर पत्र्याला टेकली की काटा थेट लालात जातो. इंजिन ठीक असतं, घाबरगुंडी मात्र पूर्ण उडते. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून एक वीत तरी लांब ठेवा, कॉरुगेटेड पाइपमध्ये घाला आणि सेन्सरजवळ थोडी ढील सोडा. थिंबल दाबून त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली जोडणी इंजिनच्या उष्णतेत टिकत नाही, गोंद सुटून टेप लोंबायला लागते.

ब्रिटिश घडणीच्या जुन्या गाड्यांत, आपल्याकडच्या अँबेसेडरसारख्या, आणखी एक भानगड भेटू शकते. त्यांच्या काही मीटरमध्ये काटा द्विधातूच्या पट्टीवर चालतो आणि त्याला १२ नव्हे, १० व्होल्ट लागतात. ते देणारा छोटा स्टॅबिलायझर डॅशमागे असतो. ओळख अशी की चावी फिरवल्यावर काटा टुणकन उडत नाही, हळूहळू चढतो. असा मीटर थेट १२ व्होल्टवर जोडला तर जास्त दाखवतो. पेट्रोलचा आणि टेम्परेचरचा असे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवायला लागले तर सेन्सर बदलत बसू नका, स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ तपासा.

गाडी सुरू करण्याआधीची परीक्षा

बॅटरी जोडा, चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. सेन्सरवरची वायर काढून हवेत धरली तर काटा थंडीच्या टोकाला राहिला पाहिजे. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवली तर काटा गरमाकडे निघाला पाहिजे. क्षणभरच, द्विधातूच्या मीटरला जास्त वेळ टेकवून ठेवू नका, आतलं वेटोळं जळू शकतं. एवढं झालं म्हणजे मीटर आणि वायर जिवंत आहेत. खरं बोलतात का, ते अजून कळलेलं नाही.

त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक-दोन वॉटचे रेझिस्टर आणा. किमतीला नगण्य. व्हीडीओ पद्धतीच्या मीटरसाठी ६८ ओहम आणि ३९ ओहम असे दोन पुरेत. सेन्सरऐवजी वायर आणि ब्लॉक यांच्यामध्ये ६८ चा लावला की काटा ८० च्या आसपास आणि ३९ चा लावला की १०० च्या आसपास यायला हवा. आला तर मीटर, वायरिंग, अर्थ सगळं पास. मग चुकलंच तर फक्त सेन्सर उरतो.

सेन्सरची परीक्षा स्वयंपाकघरात होते, पण भांडं असं घ्या जे पुन्हा अन्नाला वापरायचं नाही. सेन्सरच्या बॉडीला आणि टर्मिनलला एकेक वायर लावा, टोक पाण्यात आणि टर्मिनल पाण्याबाहेर राहील असा तो टांगा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी थर्मामीटर धरून दर दहा अंशांना ओहम लिहून घ्या आणि वरच्या यादीशी किंवा सेन्सरच्या कागदाशी ताडून पाहा. पाणी उकळलं म्हणजे १०० अंश, हे मुंबईला ठीक. पुण्यात ते ९८ च्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरात ९५-९६ ला. साधारण तीनशे मीटर उंचीला एक अंश कमी धरा. थर्मामीटर नसेल तर हा हिशेब कामी येतो.

अर्थची शेवटची तपासणी इंजिन चालू असताना. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक सेन्सरच्या षटकोनावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मध्ये कुठेतरी गंज आहे. तो काढा, नाहीतर मीटर कायम थोडा थंड दाखवत राहील.

नवीन गाडीवाल्यांसाठी एक बाजूची गोष्ट. ईसीयूच्या सेन्सरच्या वायरला टोचून मीटर जोडू नका. ईसीयूला चुकीचं तापमान कळतं आणि तो त्या हिशेबाने इंधन देतो. त्या गाड्यांना ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले बिघाड तपासायच्या, सॉकेटमध्ये लावायचा छोटा रीडर घ्या, कूलंटचा आकडा थेट ईसीयूकडून मोबाइलवर येतो.

पहिली फेरी

कूलंट भरून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघू द्या, कमी झालं ते भरा, झाकण लावा. सेन्सरभोवती हवा अडकली असेल तर काटा नाचतो. मग सपाट रस्त्यावर अर्धा तास चालवून काटा कुठे स्थिरावतो ते बघा. बहुतेक इंजिनांत तो ८० ते ९५ च्या मध्ये असतो. डायलच्या काचेवर तिथे बारीक खूण करून ठेवली तर गाडी दुसऱ्याच्या हातात गेल्यावरही उपयोग होतो. एखादा घाट चढून या. खंबाटकीसारख्या चढाला काटा खुणेच्या थोडा वर जाईल आणि उताराला परत येईल, ते साहजिक आहे. १०५ च्या पुढे चढत राहिला तर बाजूला घ्या. झाकणाच्या दाबामुळे पाणी १०० ला उकळत नाही, म्हणून वाफ दिसत नाही याचा अर्थ ठीक आहे असा होत नाही.

आणि एक गोष्ट गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. गरम असलेला काटा चढावर अचानक खाली आला, तर हायसं वाटून पुढे जाऊ नका. होस फुटून पाणी गेलं की सेन्सरचं टोक हवेत किंवा वाफेत उरतं आणि पाण्यात असताना दाखवायचं त्याहून कमी दाखवायला लागतं. गाडी लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि हात लावता येईल इतकं गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.